आंघोळीचं पाणी: बंब, गीझर, गॅस की सोलर?

वाचकांचं पत्र

आम्ही साताऱ्यात स्वतःच्या घरात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजला जाणारी दोन मुलं. न्हाणीघर तळमजल्यावर, टाकी गच्चीवर, पाणी बोअरचं आणि जड. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर आहे. आम्ही तिघं बादलीने आंघोळ करतो, मुलं शॉवरखाली. जानेवारीचं बिल ३१८ युनिटांचं आलं. सासूबाई म्हणतात, माळ्यावरचा बंब खाली काढा. हे म्हणतात, गॅस गीझर घेऊ; सिलिंडर ९०० रुपयांना पडतो. दुकानदार ३२ हजारांत २०० लिटरचं सोलर बसवून देतो म्हणतो. शेजारच्या काकू म्हणतात, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर वीज कमी खातो. न्हाणीघर पाच फूट बाय चार फूट, झरोका एकच आणि तोही जिन्याखालच्या बोळात उघडणारा. आम्हाला सगळ्यात स्वस्त काय पडेल?

उत्तर

ताई, यंत्रांची तुलना करण्याआधी एका बादलीचा भाव काढू. तो हाती आला की घरातल्या चारही मतांचा निकाल आपोआप लागतो.

तुमच्याकडे जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी साधारण १९ अंशांवर असतं. विसण घालून अंगावर घेण्याजोगं पाणी ४१ अंशांचं. म्हणजे २० लिटरची बादली २२ अंशांनी तापवायची. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, तेव्हा एका बादलीला ४४० किलोकॅलरी लागल्या. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. हिशेबाने बादलीला अर्धं युनिट पुरतं. टाकी आणि नळी तापण्यात थोडी उष्णता जाते ती धरून ०.५५ युनिट म्हणा.

हा आकडा हीटिंग रॉडला, तुमच्या २ किलोवॅटच्या गीझरला आणि काकूंच्या ३ किलोवॅटच्या इन्स्टंटला जवळजवळ सारखाच आहे. विजेची कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता पाण्याखेरीज जाणार कुठे? किलोवॅट जास्त म्हणजे पाणी लवकर तापतं, स्वस्त तापत नाही. उलट ३ किलोवॅटच्या इन्स्टंटमधून तुमच्या थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर न्हाण्याजोगं पाणी निघेल, म्हणजे बादली भरायला दहा मिनिटं. शिवाय तो १३ अँपिअर ओढतो. जुन्या वायरिंगवर आणि ६ अँपिअरच्या पॉइंटवर तो लावायचा नाही. स्वयंपाकघरात भांड्यांपुरतं गरम पाणी हवं असेल तिथे तो ठीक आहे. काकूंचा सल्ला बाजूला ठेवा.

आता युनिटचा भाव. इथे बहुतेक घरांत एक चूक होते: बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढली जाते. तुमच्या बिलात ती साडेअकराच्या आसपास येईल. पण महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. फ्रिज, दिवे, पंखे, टीव्ही बंद करता येत नाहीत, ते खालचे टप्पे भरतात. गीझर येतो तो वरच्या टप्प्यात. म्हणून गीझरचा खर्च शेवटच्या युनिटच्या भावाने धरायचा. बिलावर त्या टप्प्याचा वीज आकार बघा, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क चढवा. दर बदलत राहतात, रीत हीच. सध्या शंभराच्या पुढचं युनिट साधारण १३ रुपयांना आणि तीनशेच्या पुढचं १८ रुपयांना पडतं असं धरू. तुमची विजेवरची बादली सात रुपयांची झाली, आणि महिना तीनशेच्या वर गेला की दहाची.

गॅसचं गणित असं. एक किलो एलपीजीत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. चांगला गॅस गीझर त्यातल्या ८० टक्के पाण्यात उतरवतो, म्हणजे ८,८००. एका बादलीला ५० ग्रॅम गॅस. ९०० रुपयांना १४.२ किलो, तर बादली सव्वातीन रुपयांची. एका सिलिंडरमध्ये २८० च्या आसपास बादल्या. शेगडीवर पातेल्यात तापवलं तर बरीचशी आच बाजूने निसटते. ६० टक्के पदरात पडली तरी पुष्कळ. मग बादली सव्वाचार रुपयांना जाते, वर कढत पातेलं उचलून न्हाणीपर्यंत नेण्याचा धोका. तो उद्योग घरात म्हातारं माणूस असताना नकोच.

म्हणजे तुमच्या घरात गॅसची बादली विजेच्या बादलीच्या निम्म्याहून कमी पैशांत पडते. हे सगळ्यांना लागू नाही. एकदोन माणसांचं घर असेल, महिन्याची वीज गीझरसकट शंभर युनिटांच्या आत राहत असेल, तर विजेची बादलीही पावणेचार रुपयांच्या आसपास येते. तिथे पन्नास पैशांसाठी गॅस गीझरचा खटाटोप करू नये.

आता खरं दुखणं. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय: मुलं शॉवरखाली. साध्या शॉवरमधून मिनिटाला नऊएक लिटर पाणी जातं. आठ मिनिटं धरली तर ७२ लिटर, साडेतीन बादल्या. दोघांच्या मिळून सात. तुम्हा तिघांच्या तीन. रोज दहा बादल्या, साडेपाच युनिटं, महिन्याला १६५. म्हणजे ३१८ पैकी निम्मी वीज पाणी तापवण्यात गेली आणि तिचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग मुलांच्या शॉवरमध्ये. दोघं बादलीवर आले तर याच महिन्यात ८० युनिटं वाचली असती. वरची काही १८ रुपयांची होती, म्हणून बचत अकराशे रुपयांच्या घरात. कोणतंही यंत्र विकत न घेता. मुलं ऐकणार नसतील तर मिनिटाला पाच लिटर सोडणारा शॉवर लावा, किंवा आहे त्याच शॉवरच्या मागे प्रवाह कमी करणारी चकती बसवून घ्या, आणि पाच मिनिटांचा दंडक घाला. पंचवीस लिटरमध्ये भागतं.

दुसरी फुकटातली गोष्ट बोअरची. जमिनीखालचं पाणी बाराही महिने २४-२५ अंशांच्या आसपास असतं. तुम्ही टाकी संध्याकाळी भरत असाल तर तेच पाणी रात्रभर गच्चीवर गारठून १९ वर येतं आणि ते पाच-सहा अंश तुम्ही पैसे देऊन परत चढवता. हिवाळ्यापुरतं टाकी रात्री जवळपास रिकामी होऊ द्या आणि मोटर पहाटे, पहिल्या आंघोळीच्या आधी लावा. २२ अंशांऐवजी १६-१७ अंशच तापवावं लागेल. खर्च पाव हिश्श्याने उतरतो. मोटरची वीज दोन्ही वेळा तेवढीच.

गॅस गीझर घ्या, पण तुमच्या न्हाणीघरात बसवू नका. झरोका उघडा ठेवून, दार किलकिलं ठेवून, ‘पाच मिनिटंच तर’ म्हणूनही नाही. कारण नीट समजून घ्या. ६ लिटरचा गीझर पूर्ण आचेवर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर. तुमचं न्हाणीघर पाच बाय चार, उंची आठ फूट धरली तर आत साडेचार घनमीटर हवा आहे. खोली पूर्ण बंद मानली तर पाच मिनिटांत त्यातला पाव प्राणवायू संपतो. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, गरगरतं, पाय लुळे पडतात, आणि कडी काढायला हात उचलत नाही. वर एकच झरोका असला तर जळकी हवा बाहेर जायला खाली ताज्या हवेची वाट लागते, ती नसते. आणि तुमचा झरोका तर बोळात उघडतो, जिथे हवाच साचलेली. दरवर्षी थंडीत बातम्या येतात त्या याच न्हाणीघरांतल्या.

तेव्हा गीझर बाहेर, मागच्या दारी धुण्याच्या जागेतल्या भिंतीवर, वर पत्र्याचा आडोसा करून. तिथून गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घ्यायची. आठ-दहा फुटांत काम होतं. वारा थेट ज्योतीवर येणार नाही अशी जागा बघा, पण चारही बाजूंनी खोकं करू नका. सिलिंडर उभाच, सपाट फरशीवर. मोरीच्या तोंडाशी किंवा खड्ड्यात नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर सखल जागी साचतो. रबरी नळी आयएसआय छापाची, दीड मीटरपेक्षा लांब नको. अंतर जास्त असेल तर मधला टप्पा तांब्याच्या पाइपने करायचा. गच्चीवरची टाकी दोन मजल्यांवर असल्यामुळे पाण्याचा दाब तुम्हाला पुरेल. ज्यांची टाकी न्हाणीच्या छपरावरच आहे त्यांच्याकडे तो पेटतच नाही: सात-आठ फुटांपेक्षा कमी उंचीवरून आलेलं पाणी आतला पडदा ढकलू शकत नाही.

वापरताना गॅसचा आणि पाण्याचा, दोन्ही खटके असे लावा की विसण घालायची वेळच येऊ नये. आधी कडकडीत तापवून मग गार पाणी मिसळणं म्हणजे नळीत उष्णता वाया घालवणं, आणि तुमच्या जड पाण्यात क्षारही भराभर बसतात. टिकटिक आवाज येतो पण पेटत नाही, तर बहुधा सेल उतरलेत. दोन मोठे सेल वर्षाच्या सुरुवातीलाच बदलून टाका. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, वर काजळी धरली, तर जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, तुंबलंय. तसाच वापरू नका. पाणी तापताना आत धडधड आवाज येऊ लागला तर तांब्याच्या नळ्यांत क्षार धरलेत. फिटरला सांगून वर्षातून एकदा त्यातून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून घ्या, लिटरला ५० ग्रॅम या मानाने. सासूबाईंना मात्र बादली भरून द्यावी. नळ अर्धवट फिरवला की गॅस गीझरचं पाणी एकदम कढत होतं किंवा गीझर विझतो, आणि त्यांना ते झटकन सावरता येणार नाही.

आता बंब. सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. शेतातल्या तुराट्या, नारळाच्या करवंट्या, सुताराकडचे ढलपे फुकट मिळत असतील तर त्याहून स्वस्त बादली नाही. सरपण विकत आणलं की गणित फिरतं. कोरड्या लाकडाच्या किलोत ४,००० च्या आत-बाहेर किलोकॅलरी. बंबाने त्यातल्या ४० टक्के पाण्याला दिल्या असं धरलं, तर दहा रुपये किलोच्या सरपणात बादली पावणेतीन रुपयांना पडते. गॅसच्या तुलनेत आठ आणे वाचले, आणि धूर, राख, पहाटेचं पेटवणं पदरात पडलं. ओलं सरपण असेल तर तेवढेही वाचत नाहीत. हौसेने लावायचाच असेल तर मागच्या दारी उघड्यावर. बंद पडवीत नाही, धुरातही तोच कार्बन मोनॉक्साइड असतो. माळ्यावरून काढल्यावर आधी काठोकाठ पाणी भरून एक रात्र ठेवा. सांधे पाझरतात का बघा. पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका. कोरडा तापला की डाख वितळतो आणि तोटीपाशी गळती लागते. आणि खालची जाळी रोज मोकळी करा. राख साचली की खालून हवा जात नाही आणि नुसता धूर होतो.

राहिलं सोलर. दुकानदाराने २०० लिटर सांगितलं ते तुमच्या घरातली डोकी मोजून. पाणी मोजून नाही. हिवाळ्यात दिवसभर तापलेली टाकी पहाटे ५२ अंशांवर आली असं धरा. पाच बादल्यांसाठी त्यातलं ६७ लिटर पाणी लागेल, बाकी विसण. १०० लिटरचं सोलर पुरतं. मुलांचे शॉवर चालूच राहणार असतील तर १३५ लिटर लागेल, तेव्हा १५० लिटरचं घ्या. दोनशे लिटर तुम्हाला कुठल्याच हिशेबात लागत नाही.

परवडतं का? उन्हाळ्यात मुळात पाणीच कोमट येतं, म्हणून वर्षाची सरासरी हिवाळ्याच्या तीनचतुर्थांश धरू. पाच बादल्यांना वर्षाला वीज साडेनऊ हजारांची, गॅस साडेचार हजारांचा. साताऱ्यात जून ते सप्टेंबर सोलरचा भरवसा नाही, म्हणून त्याने वर्षाचं ७० टक्के काम केलं असं माना. उरलेलं विजेवर, म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आत. १०० लिटरचं सोलर स्टँड-फिटिंगसकट २०-२२ हजारांत मिळालं तर दहा वर्षांचा खर्च पन्नास-साठ हजार. गॅस गीझरचाही खरेदी-दुरुस्ती धरून तितकाच. दहा बादल्या वापरल्या तर मात्र सोलर पुढे जातं, कारण गॅस बादलीगणिक पैसे मागतो आणि ऊन मागत नाही. म्हणून तुमच्यापुरता कौल असा: मुलं बादलीवर आली तर बाहेर बसवलेला गॅस गीझर, सहा हजारांत काम होतं. मुलं येणार नाहीत हे तुम्हाला आत्ताच ठाऊक असेल तर १५० लिटरचं सोलर. दोन्ही घेऊ नका, एकाचेही पैसे नीट फिटत नाहीत.

सोलर घेतलंत तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी गच्चीवर उभं राहून बघा. पहिली, गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याच्या वर हवा. नाहीतर ती भरत नाही, आणि टाकी उचलायचा खर्च कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. काचेच्या नळ्यांच्या सोलरची टाकी पाच-साडेपाच फुटांवर येते, तेव्हा गार टाकी सहा-सात फुटांच्या स्टँडवर लागेल. दुसरी, सावली. डिसेंबरात साताऱ्यात भर दुपारी सूर्य जेमतेम ४९ अंश वर असतो. दक्षिणेला सहा फुटांचा कठडा असेल तर त्याची सावली दुपारीही पाच फूट आत येते, सकाळी त्याहून लांब. सकाळी दहा आणि दुपारी तीन, दोन्ही वेळा नळ्यांवर ऊन हवं. तिसरी, नळी. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पाऊण इंची पाइपचे चाळीस फूट म्हणजे तीनेक लिटर पाणी. प्रत्येक वेळी आधी ते गार पाणी सोडावं लागतं आणि शेवटी तेवढंच गरम पाणी नळीत अडकून थंड होतं. पाइपवर फोमचं आवरण घालून घ्या आणि आंघोळी एकापाठोपाठ उरका.

दुकानदार पावसाळ्यासाठी सोलरच्या टाकीत २ किलोवॅटची कॉइल टाकून देतो म्हणेल. नको म्हणा. एका आंघोळीसाठी पूर्ण टाकी तापवत बसावी लागते. तुमचा जुना २५ लिटरचा गीझर न्हाणीपाशीच राहू द्या, सोलरचं पाणी त्यातून यावं अशी जोडणी करा. पाणी ३५ अंशांचं आलं तर तो उरलेले अंशच चढवतो. एप्रिल-मेमध्ये सोलरचं पाणी ७०-८० अंशांना जातं, त्या काळात गीझर वगळून पाणी थेट यावं म्हणून तीन व्हॉल्व्हचा वळसा ठेवा. जड पाण्यामुळे नळ्यांच्या बंद टोकाशी खडी साचते. वर्षातून एकदा नळ्या काढून धुवायच्या. आणि रिकाम्या नळ्या उन्हात तापलेल्या असताना गार पाणी सोडायचं नाही, काच तडकते. भरणं पहाटे किंवा दिवेलागणीनंतर.

हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र, विजेचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आणतो, पण तुमच्या पाच बादल्यांसाठी तेवढी किंमत मोजण्यात अर्थ नाही. तो वसतिगृहाला किंवा हॉटेलला. गच्चीवर विजेचं सोलर, म्हणजे पॅनेल आणि नेट मीटर (तुम्ही दिलेली वीज बिलातून वजा करणारा), बसवायचा विचार असेल तर मात्र वरचं सगळं गणित बदलतं. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजारांचं अनुदान आहे. तसं केलंत तर गॅस गीझरही नको आणि पाण्याचं सोलरही नको. आहे तो गीझरच सगळ्यात स्वस्त.

तोवर जुना गीझर चालवायचाच आहे. थर्मोस्टॅट ६५ वर असेल तर ५५ वर आणा. क्षार कमी बसतात. सकाळचे तीन तास चालू राहिला तर विशेष नुकसान नाही, पण दिवसरात्र चालू ठेवलात तर नुसतं पाणी गरम राखण्यात अर्धं ते एक युनिट रोज जातं. जड पाण्यात आतली मॅग्नेशियमची कांडी दोन वर्षांत झिजते. ती संपली की टाकीला गंज लागतो, म्हणून ती तपासून बदलून घ्या आणि त्याच वेळी कॉइलवरची खडी काढा. खडीचं जाड आवरण असलेली कॉइल आतल्या आत तापून जळते, तीही बहुधा डिसेंबरात. आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा खटका, नसेल तर बाकी कशाच्याही आधी तो बसवा. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खटका पडला नाही तर त्याच दिवशी वायरमन बोलवा.